आधी कोकरू, मग बाटली

बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंदच्या रुंद खाडीकाठी पोइयाक नावाचं गाव आहे. रेड वाइनच्या जगात या गावाचा दबदबा मोठा. 1855 सालच्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तिथल्या वाइनची प्रतवारी लावली. त्या यादीत आज अव्वल श्रेणीची पाच नावं आहेत आणि त्यांतली तीन पोइयाकची आहेत : लाफित, लाटूर आणि 1973 साली वरच्या श्रेणीत गेलेलं मूतों रोत्शिल्ड. याच गावाच्या नावाने विकलं जाणारं कोकराचं मांसही फ्रान्समध्ये नावाजलेलं आहे. पूर्वी हिवाळ्यात मेंढपाळ कळप घेऊन या भागात उतरायचे आणि तोडणी झालेल्या द्राक्षमळ्यांतून मेंढरं चरायची. एकाच गावचं मांस आणि एकाच गावची वाइन एका ताटावर आली, आणि रोस्ट लॅम्ब म्हटलं की बोर्दो हे उत्तर वाइनच्या पुस्तकांत पक्कं बसलं.

हे उत्तर अर्धवट आहे. पोइयाकचं कोकरू आईच्या दुधावर वाढलेलं असतं आणि अडीच महिन्यांच्या आसपास कापलं जातं. त्याचं मांस फिकट गुलाबी, मऊ, आणि मेंढीच्या मांसाला जो उग्र वास येतो तो त्याला जवळजवळ नसतोच. त्याच्यासमोर दोन-तीन वर्षांची, तुरट आणि ताठर पोइयाक ठेवली तर पहिल्या दोन घोटांतच मांसाची चव नाहीशी होते. तिथे हवी ती पंधरा-वीस वर्षं तळघरात मुरलेली बाटली. ‘लॅम्बला बोर्दो’ हा सल्ला देताना वाइनच्या वयाचा आणि कोकराच्या वयाचा उल्लेख गळून पडतो, आणि मग लोक दुकानातून कालपरवा बाजारात आलेली कॅबर्ने सोव्हिन्यों उचलतात, ती नाजूक मांसासोबत पितात आणि जेवणानंतर तोंड कोरडं का पडलं याचा विचार करत बसतात. माझं म्हणणं असं की रोस्ट लॅम्बसोबत कोणती रेड वाइन, हा प्रश्न कोकरापासून सुरू करावा. किती वयाचं, कितपत भाजलेलं आणि सोबत काय वाढलेलं, हे कळलं की बाटल्यांची यादी आपोआप लहान होते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आपल्याकडे मटण म्हणून जे मिळतं ते बहुतेक ठिकाणी बोकडाचं असतं. या लेखातलं मांस मेंढीच्या कोकराचं आहे. बोकडाच्या मांसात चरबी कमी असते, त्यामुळे पुढे चरबीबद्दल जे लिहिलं आहे ते त्याला तसंच्या तसं लागू पडत नाही.

कोवळ्या कोकरासाठी कास्तियासारखा प्रांत नाही. स्पेनच्या या पठारी भागात, दुएरो नदीकाठच्या आरांदा दे दुएरो या गावात ‘लेचाथो’ खायला लोक लांबून येतात. लेचाथो म्हणजे फक्त दुधावर वाढलेलं, महिनाभराचं कोकरू. विटा-मातीची घुमटाकार भट्टी, तिच्यात ओकच्या लाकडाचा जाळ, आणि मातीच्या पसरट भांड्यात कोकराचा चतुर्थांश तुकडा. भांड्यात थोडं पाणी, मांसावर मीठ, बस. रोझमेरी नाही, लसूण नाही, मसाला नाही. तुकडा आधी कातडीची बाजू खाली ठेवून भाजतात, मग उलटतात, आणि शेवटी कातडी पापडासारखी कडक होते. आतलं मांस इतकं मऊ असतं की ते काट्याने ओढलं तरी हाडावरून सुटतं. सोबत हिरवं सॅलड आणि पाव. या ताटासमोर स्थानिक लोक रिबेरा देल दुएरोची वाइन घेतात, आणि ती तेम्प्रानियो या द्राक्षाची असते. त्या भागात तिला तिंतो फिनो म्हणतात.

ही जोडी जमते कशी, हे नीट बघण्यासारखं आहे. मांस नाजूक असलं तरी भांड्याच्या तळाशी साचलेला रस चरबीने आणि चिकट जिलेटिनने जड झालेला असतो, आणि कातडी खारट असते. तेम्प्रानियोत फळाची चव भरपूर, तुरटपणा मध्यम. पिंपात वर्ष-दीड वर्ष राहिलेली क्रियांसा इथे पुरते. रिबेराच्या ज्या महागड्या, काळ्याकुट्ट, नव्या ओकने भारलेल्या बाटल्या परदेशात गाजतात, त्या लेचाथोवर मात करतात. रोममध्येही अशीच गोष्ट दिसते. ईस्टरला तिथे ‘अब्बाक्यो’ खातात, तेही दुधावरचं कोकरू. लात्सिओ प्रांतातली चेझानेजे ही हलकी, मिरीची झाक असलेली वाइन त्याला पुरेशी होते. ग्रीसमध्ये ईस्टरला अख्खं कोकरू सळईवर फिरवतात, त्याबद्दल पुढे येईलच.

दूध सुटून गवतावर गेलेलं कोकरू वेगळं. चार-पाच महिन्यांपासून वर्षभरापर्यंतचं हे मांस ब्रिटनमध्ये, न्यूझीलंडमध्ये, ऑस्ट्रेलियात ‘लॅम्ब’ म्हणून मिळतं, आणि जगभरच्या ओव्हनमध्ये मागची तंगडी म्हणून जे भाजलं जातं ते बहुतेक हेच. त्याच्या पुढे एक ते दोन वर्षांचं हॉगेट आणि त्यानंतरचं मटण. वय वाढत जातं तसा मांसाचा रंग गडद होतो आणि मेंढीचा खास वास वाढतो. न्यूझीलंडच्या संशोधकांनी 1975 साली दाखवलं की हा वास प्रामुख्याने चरबीतल्या काही शाखायुक्त स्निग्धाम्लांमुळे येतो. त्यांतलं एक 4-मिथिलऑक्टॅनोइक आम्ल. वास मांसात कमी आणि चरबीत जास्त असतो, म्हणून चरबी सोडवून भाजलेली तंगडी आणि चरबीसकट भाजलेला खांदा यांना वेगळी वाइन लागते, मग कोकरू एकच का असेना. हॉगेटसमोर उत्तर ऱ्होनची सिरा, त्याच द्राक्षाची बरोसाची शिराझ किंवा नापाची ताकदवान कॅबर्ने ठेवायला काहीच हरकत नाही. मांसच इतकं बोलकं असतं की वाइनला आवाज वाढवावा लागतो.

चराऊ भागाचाही ठसा उमटतो. नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या मध्ये, मों-सँ-मिशेलच्या उपसागराकाठी भरतीचं पाणी येऊन जातं अशी खारी कुरणं आहेत. तिथल्या मेंढरांचं मांस ‘प्रे-साले’ म्हणून विकलं जातं. दक्षिण आफ्रिकेच्या कारू पठारावरची मेंढरं सुगंधी झुडपं खातात आणि त्या झुडपांचा गंध मांसात उतरतो. अशा मांसासोबत वाइनमध्ये फार ओक नको, नाहीतर ज्याच्यासाठी जास्त पैसे मोजले ते चवीला येतच नाही.

आता तुरटपणाकडे वळू, कारण या सगळ्या चर्चेचं मर्म तिथे आहे. रेड वाइनमधलं टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, थोडं ओकच्या पिंपातून. आपल्या लाळेत प्रोलिन या अमिनो आम्लाने भरलेली प्रथिनं असतात आणि तोंड ओलं, गुळगुळीत राहतं ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. टॅनिन त्यांना पकडतं, त्यांचे सूक्ष्म गोळे होतात, आणि वंगण गेल्यामुळे जीभ आणि हिरड्या खरखरीत होतात. मूठभर जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते, तेच हे. पुस्तकांत सहसा लिहिलेलं असतं की मांसातली प्रथिनं टॅनिनला अडकवून ठेवतात, म्हणून मांसासोबत तुरट वाइन मऊ लागते. त्यात तथ्य असेल, पण माझ्या मते चरबी आणि मीठ यांचा वाटा जास्त मोठा आहे.

चरबीबद्दल फिलाडेल्फियातल्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरच्या संशोधकांनी 2012 साली ‘करंट बायॉलॉजी’त एक निबंध छापला. त्यांचं निरीक्षण असं की सौम्य तुरट द्रवाचे घोट एकामागून एक घेत गेलं की तुरटपणा साठत, चढत जातो. आणि चरबीयुक्त खारवलेलं मांस खाताना मध्ये मध्ये चहा प्यायला, तर तोंडातला तेलकटपणा पाण्यापेक्षा जास्त कमी होतो. म्हणजे तुरट आणि तेलकट या एका ताणाच्या दोन बाजू आहेत, एक चढली की दुसरी तिला खाली ओढते. रोस्ट लॅम्ब आणि रेड वाइन यांच्या शतकानुशतकांच्या मैत्रीचं हे मला सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण वाटतं. याच निबंधाच्या लेखकांपैकी पॉल ब्रेस्लिन यांनी 1997 साली एका सहकाऱ्यासोबत ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं की मीठ कडूपणा दाबतं आणि त्यामुळे इतर चवी वर येतात. तरुण कॅबर्नेत तुरटपणासोबत कडवटपणाही असतो. मीठ त्याच्यावर थेट काम करतं.

हे घरी पडताळून पाहता येतं, आणि ज्याला या विषयात रस आहे त्याने ते पाहावंच. चार-पाच वर्षांची कोणतीही कॅबर्ने ग्लासात ओता. तंगडीचा एक काप घ्या. कापाची कड तपकिरी, खारट, चरबीची आणि मधला भाग गुलाबी, ओलसर, जवळजवळ अळणी असतो. आधी नुसता एक घोट घ्या : हिरड्या आवळल्या जातात, शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला कडवट खूण राहते. मग फक्त मधला गुलाबी भाग खा आणि घोट घ्या : वाइन थोडी निवळते, पण कडवटपणा शिल्लक असतो. मग कडेचा तुकडा, चरबीसकट, आणि पुन्हा घोट. आता त्याच वाइनमध्ये काळ्या मनुकांची, जांभळट फळांची गोडी वर येते आणि तुरटपणा नुसता आधारासारखा मागे राहतो. पाव चमचा मीठ मधल्या भागावर शिंपडून पुन्हा करून पाहिलं की मिठाची बाजू वेगळी कळते. वाइन महाग असो वा स्वस्त, अळणी भाजलेल्या मांसाने तिचं नुकसान होतंच. म्हणून तंगडीला आदल्या रात्रीच मीठ चोळून ठेवणं हा वाइन निवडण्याचाच भाग आहे, असं मी मानतो.

मेंढीच्या चरबीची आणखी एक खोड आहे. ती तोंडाच्या तापमानापेक्षा जास्त उष्णतेवर वितळते, त्यामुळे ताट निवलं की ती टाळूला मेणासारखी चिकटते. अशा वेळी टॅनिनपेक्षा वाइनमधला आंबटपणा कामाला येतो. इंग्लंडमध्ये रविवारच्या रोस्टची ताटं गरम करून ठेवण्याची पद्धत आहे, ती इथे उपयोगी पडते आणि उचलण्यासारखी आहे.

किती भाजलं याचा हिशोब सोपा आहे. आतलं तापमान 55 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर मांस गुलाबी आणि रसाळ राहतं, 70 च्या पुढे गेलं की तंतू आकसून रस बाहेर पडतो आणि मांस करडं, कोरडं होतं. गुलाबी मांसाला थोडा जास्त तुरटपणा झेपतो. कोरड्या मांसावर तुरट वाइन ओतली की तोंड दोन्हीकडून सुकतं. घरात कोणाला गुलाबी मांस चालत नसेल, आणि आपल्या घरांत बहुतेकांना चालत नाही, तर वाइन मऊ आणि फळाळ निवडावी : मेर्लो जास्त असलेली बोर्दोच्या उजव्या काठची, म्हणजे सँ-एमिल्यों भागातली, किंवा दक्षिण ऱ्होनची ग्रनाश. खांदा मंद आचेवर तासन् तास ठेवला तर गोष्ट बदलते. फ्रान्समध्ये सात तासांची तंगडी करतात, ‘जिगो द सेत्तर’. कोलॅजनचं जिलेटिन होतं, मांस चमच्याने वाढता येतं, आणि रस घट्ट, गोडसर होतो. जिगोंदास किंवा शातोनफ-द्यु-पाप यांच्या उष्ण, भरदार वाइन इथे आपलं घर सापडल्यासारख्या बसतात.

रॅक, म्हणजे बरगड्यांचा जो भाग कातडी-चरबी साफ करून झटपट भाजतात, त्याच्यासाठी माझं मत पिनो न्वारच्या बाजूने आहे. बरगंडीची परवडत नसेल तर न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोची. 15 फेब्रुवारी 1882 रोजी ‘डनिडिन’ हे शिडाचं जहाज गोठवलेलं मांस घेऊन पोर्ट चामर्सहून लंडनला निघालं, आणि तेव्हापासून त्या देशाची शेती लॅम्बच्या निर्यातीवर उभी राहिली. त्याच दक्षिण बेटावर शंभर वर्षांनंतर पिनोचे मळे फुलले. या वाइनमध्ये टॅनिन कमी, आंबटपणा स्वच्छ, आणि लाल फळांचा गंध आहे. चरबी नसलेल्या रॅकला यापेक्षा जास्त काही नको असतं.

आता वासांची गोष्ट. लॅम्बसोबत रोझमेरी, थाइम, लसूण हे ठरलेलं. या पाल्यांचा आणि काही रेड वाइनचा संबंध निव्वळ कल्पनेतला नाही. 2008 साली ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी शिराझमधल्या मिरीच्या वासाचं मूळ शोधलं. ते रोटंडोन नावाचं संयुग निघालं. हेच संयुग आपल्या मलबारी काळ्या मिरीत आहे आणि रोझमेरी, थाइम, मार्जोरममध्येही सापडलं. पाचांतल्या एखाद्या माणसाला मात्र त्याचा वासच येत नाही. त्यामुळे एकाच टेबलावर एक जण ‘काय मिरी आहे!’ म्हणतो आणि दुसऱ्याला ती जाणवत नाही, तेव्हा दोघेही खरं बोलत असतात. थंड हवेतल्या सिरामध्ये रोटंडोन जास्त असतं. म्हणूनच रोझमेरी आणि भरड मिरी लावलेल्या तंगडीला उत्तर ऱ्होनची क्रोझ-एर्मिताज किंवा सँ-जोसेफ जी दाद देते, ती उष्ण प्रदेशातली जॅमसारखी गोड शिराझ देत नाही.

प्रोव्हांसमध्ये तंगडीला सुरीने भोकं पाडून त्यांत लसणाच्या पाकळ्या आणि खारवलेले अँचोव्ही मासे खुपसतात. मासे विरघळतात आणि फक्त खारट, खोल चव मागे राहते. या ताटासाठी समुद्राकाठच्या बांदोलची रेड वाइन मला सर्वांत आवडते. तिच्यात निदान निम्मं मूर्वेद्र द्राक्ष असावं लागतं आणि ती किमान 18 महिने लाकडात ठेवावी लागते. तरुणपणी ती आडमुठी असते, पण आठ-दहा वर्षांनी तिच्यात चामड्याचा, रानटी पाल्यांचा, जरासा प्राण्यांचा वास येतो, आणि हा वास मेंढीच्या चरबीच्या वासाशी जमवून घेतो. बोर्दोच्या भाषेत ज्याला शिष्टाचार म्हणता येईल तो बांदोलमध्ये नाही. पण लसूण आणि अँचोव्हीसमोर शिष्टाचाराचा उपयोगही नाही.

ग्रीसमध्ये लिंबू आणि ओरेगानो येतात, म्हणजे ताटातच आंबटपणा असतो. वाइनमध्ये तो त्याहून कमी असेल तर वाइन सपक लागते. नाउसाची झिनोमावरो ही आंबटपणात आणि टॅनिनमध्ये दोन्हीत भारी. ती सळईवरच्या कोकरासमोर टिकते. लेबनॉनमध्ये जिरं, दालचिनी, डाळिंबाचा रस असं लॅम्बसोबत येतं, आणि बेका खोऱ्यातल्या द्राक्षांची शातो मुझार त्याला शोभते. कॅबर्ने, सँसो आणि कारिन्यां यांची ही वाइन. यादवी युद्धाच्या काळातही गास्तों होशार यांच्या घराण्याने ती बनवणं सोडलं नाही, फक्त 1976 साली ती करताच आली नाही. इटलीच्या आब्रुत्झो भागात मेंढीच्या मांसाचे छोटे चौकोनी तुकडे सळ्यांना लावून निखाऱ्यावर भाजतात. त्यांच्यासोबत तिथली मोंतेपुल्चानो प्यावी, आणि त्यासाठी जास्त पैसे खर्च करू नयेत.

खरी अडचण इंग्लंडच्या पुदिना सॉसची. चिरलेला पुदिना, व्हिनेगर आणि साखर. व्हिनेगर वाइनचं फळ मारतं, साखर तिला कडू आणि पातळ करते, आणि तरीही इंग्रज माणूस शतकानुशतकं रोस्ट लॅम्बसोबत बोर्दो पीत आला. याला इतिहास आहे. 1152 साली, बोर्दो ज्यात होतं त्या आक्वितेनची एलिनॉर हेन्री प्लांटाजेनेटशी लग्न करून बसली. दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्दो 1453 पर्यंत इंग्रजी राज्याला जोडलेलं राहिलं. जहाजं भरभरून ‘क्लॅरेट’, म्हणजे बोर्दोची वाइन, लंडनला आणि ब्रिस्टलला जात असे. मेंढी तर त्या देशाच्या श्रीमंतीचा पायाच, लोकरीमुळे. ज्यांच्याकडे मेंढरं होती त्यांच्याकडे क्लॅरेट आलं आणि सवय जडली. म्हणजे या जोडीच्या कीर्तीमध्ये चवीइतकाच व्यापाराचाही हात आहे, आणि हे मान्य केलं की तिच्यापासून बाजूला सरकायला संकोच वाटत नाही.

पुदिना हवाच असेल तर तो हिरव्या सॉसमध्ये, ऑलिव्ह तेल, केपर आणि लिंबाच्या चार थेंबांसोबत घ्यावा, साखर वगळावी. मग दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कूनावाराची कॅबर्ने सुचवता येते. लाल मातीच्या त्या अरुंद पट्ट्यातल्या वाइनमध्ये पुदिना-निलगिरीचा गंध ओळखीचा आहे. मळ्यालगतच्या निलगिरीच्या झाडांतून सिनिओल हे तेलकट संयुग द्राक्षांवर येऊन बसतं, हे तिथल्या संशोधनात दिसलं आहे. सिनिओल रोझमेरीतही असतं. जुन्या बोर्दोमध्येही पुदिन्याची पुसट झुळूक येते, आणि बोर्दो विद्यापीठाच्या संशोधकांनी तिच्यामागे पिपेरिटोन हे संयुग असल्याचं दाखवलं आहे.

एवढं सगळं सांगून झाल्यावर कोणी विचारलं की पाहुणे आठ, कोणाला गुलाबी हवं, कोणाला शिजलेलं, बटाटे-गाजर सोबत, आणि बाटली एकाच प्रकारची न्यायची आहे, तर काय न्यावं, तर माझं उत्तर स्पेनची रिओहा रिझर्व्हा असं आहे. कारण तिचं वय कायद्याने ठरलेलं आहे. रिझर्व्हा किमान तीन वर्षं ठेवावी लागते, त्यांतलं निदान एक वर्ष 225 लिटरच्या ओक पिंपात. ग्रान रिझर्व्हाला पाच वर्षं, त्यांतली दोन पिंपात. बोर्दोत मुरवण्याचं काम गिऱ्हाइकाने आपल्या तळघरात करायचं असतं. रिओहात ते वाइनरी करते आणि बाटली पिण्याजोगी झाल्यावर विकते. ज्याच्या घरात तळघर नाही, त्याच्यासाठी हा फरक सगळ्यात मोठा. वर्षांच्या ओघात टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जुळतात, काही गाळ होऊन तळाला बसतात, तुरटपणाची धार जाते. अमेरिकन ओकमुळे व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याचा गंध येतो, तो भाजलेल्या चरबीच्या गोडसर वासाला लागून असतो. आरो गावच्या स्टेशनलगत लोपेझ दे एरेदिया, ला रिओहा आल्ता यांसारखी जुनी घराणी आजही अशा वाइन करतात. तिथले लोक स्वतः मात्र छाटलेल्या द्राक्षवेलींच्या काड्या पेटवून त्यांच्या निखाऱ्यावर कोकराच्या चॉप्स भाजतात आणि सोबत तरुण रिओहा पितात, तेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

मुंबई-पुण्यात यातलं काय जमतं? आयात वाइनवर वर्षानुवर्षं एकूण 150 टक्के सीमाशुल्क राहिलं, त्यात राज्याचा कर मिळवला की रिओहाची बाटली तिच्या गावच्या किमतीच्या कितीतरी पट होते. ऑस्ट्रेलियासोबतचा व्यापार करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला आणि ठरावीक किमतीच्या वरच्या बाटल्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरू लागलं. त्यामुळे लॅम्बसाठी ऑस्ट्रेलियन कॅबर्ने-शिराझकडे बघणं आता जास्त व्यवहार्य आहे.

देशी वाइनमध्ये नाशिकच्या शिराझचा विचार आधी करावा. राजीव सामंत यांच्या सुला वाइनरीची पहिली वाइन 2000 साली आली, आणि तिच्या ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ने इथल्या अनेकांना ओकमध्ये ठेवलेली रेड वाइन काय असते ते पहिल्यांदा दाखवलं. आपल्याकडे द्राक्षाची फळछाटणी पावसाळा संपता संपता होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे पिकण्याचा काळ उन्हाळ्याकडे सरकतो. युरोपात नेमकं उलट, तिथे द्राक्ष थंडावत जाणाऱ्या हवेत पिकतं. म्हणून आपल्या रेड वाइनमध्ये पिकलेल्या फळाची गोडी लवकर येते आणि आंबटपणा राखणं अवघड जातं. लॅम्बसाठी हे अगदी वाईट नाही, पण लिंबू-ओरेगानोच्या पद्धतीने भाजायचं असेल तर अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ मी आधी उघडेन. तिच्यात सांजोव्हेझे आहे आणि त्या द्राक्षाला आंबटपणाची देणगी आहे. रोझमेरी-लसणाच्या साध्या तंगडीला नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ‘ला रेझर्व्ह’, कॅबर्ने आणि शिराझ एकत्र असलेली, चांगली जाते.

दही-मसाला लावून भाजलेली रान असेल तर नियम बदलतात. तिखटाने तोंड पोळलेलं असताना अल्कोहोल आग वाढवतं आणि टॅनिन ती खरखरीत करतं. तिथे ओकविरहित, फळाळ, कमी तुरट वाइन जरा जास्त गार करून द्यावी, आणि मोठ्या नावाची बाटली कपाटातच ठेवावी.

गार करण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इतर सगळं बरोबर असूनही आपल्याकडे मेजवानी बिघडते ती इथे. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या जुन्या, थंड घरांचा आहे. ती खोली 16 ते 18 अंशांची असते. मे महिन्यातल्या ठाण्यातली खोली 32 अंशांची. त्या तापमानाला अल्कोहोलची वाफ नाकात शिरते, फळ शिजवल्यासारखं लागतं आणि चौदा टक्क्यांची शिराझ औषधासारखी वाटते. बाटली फ्रिजमध्ये पाऊण तास ठेवावी, ग्लास अर्ध्याहून कमी भरावा म्हणजे पिऊन होईपर्यंत ती तापत नाही. अतीही गार करू नये, दहा-बारा अंशांना टॅनिन पुन्हा कडक होतं. तरुण कॅबर्ने असेल तर जेवणाच्या तासभर आधी काचेच्या रुंद भांड्यात ओतून ठेवावी. मुरलेली रिओहा असेल तर गाळ खाली राहील एवढ्या बेताने ओतून लगेच वाढावी, तिला हवा जास्त लागली तर वास उडून जातो. 750 मिलिलिटरच्या बाटलीत पाच ग्लास होतात. हाडासकट दोन किलोची तंगडी सहा जणांना पुरते, म्हणजे दोन बाटल्या आणाव्यात.

आणि तंगडी उरतेच. दुसऱ्या दिवशी थंड मांसाचे पातळ काप पावात घालून, मोहरी लावून खाण्यात वेगळीच मजा आहे, पण तेव्हा आदल्या रात्रीची उरलेली कॅबर्ने घेऊ नये. थंड चरबी घट्ट झालेली असते, मांसातला रस आटलेला असतो, आणि उघडी राहिलेली तुरट वाइन त्यावर फारच रुक्ष लागते. ती उरलेली वाइन हाडांसोबत रश्श्यात घालावी. थंड कापांसोबत बोजोलेच्या फ्लरी किंवा मॉर्गोंसारख्या गावची गामे, 13-14 अंशांपर्यंत गार केलेली, आणि सोबत काकडीचं लोणचं असावं.